मागून मारलेली गाठ

पहिल्यांदा झालं ते कपडे वाळत घालताना. नातीचं झबलं दोरीवर टाकायला मी मान वर केली आणि समोरची भिंत सरकली. एसटीत बसल्यावर शेजारची गाडी मागं जाते आणि आपलीच सुटली असं वाटतं ना, तशी. मी दोरी धरली. दोरी मला काय धरणार! मटकन खाली बसले, डोळे मिटले. उघडले तेव्हा भिंत आपल्या जागेवर, ऊन आपल्या जागेवर. नात चिमट्यांचा डबा उलटा करून बसली होती. तिच्या पलीकडं, हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर, खाली जाणारा लोखंडी जिना.

त्या दिवसापासून मला जी भीती बसली ती सांगायचीय. पण आधी घर सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही मी एवढी कशाला भ्यायले ते.

आम्ही पाथर्डीकडची माणसं. दसरा झाला की बिऱ्हाड ट्रकमध्ये टाकायचं आणि ऊस तोडायला निघायचं, हे माझ्या लग्नापासून चाललेलं. उसात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम जोडीच मागतो, एकट्याला अर्धा कोयता म्हणतो. बाईनं पहाटे भाकरी थापायच्या, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या, आणि कोपीवर, म्हणजे पाल्याच्या झोपडीत, आल्यावर परत चूल पेटवायची. बाप्या तेव्हा उसाच्या वाळल्या पाचटावर पाय पसरून पडलेला असतो. त्याला दोष देत नाही, तोही दमलेला असतो. पण बाई पडलेली मी कधी बघितली नाही.

आमचे मालक गेले आणि माझा कोयता सुटला. मुलगा आणि सून जात राहिले, मी त्यांच्याबरोबर कोपीवर स्वयंपाकाला. नात पोटात होती तरी सुनेनं मोळ्या उचलल्या. बाळंतपणानंतर मात्र तिनं एक दिवस भाकरी तव्यावर टाकता टाकता सांगून टाकलं, "मी आता उसाला जायची न्हाई." एवढंच. मोठ्यानं बोलली नाही, रडली नाही. तिच्या मावसबहिणीनं शिर्डीत एका लॉजवर काम लावून दिलं. खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, संडास-बाथरूम घासायचं. मुलगा भाविकांची गाडी चालवायला लागला. वरच्या मजल्यावरची एक खोली भाड्यानं घेतली. त्यातच ओटा, त्यातच खाट, बाहेर कपडे वाळवण्यापुरती गच्ची आणि तो जिना. खाली मालकीणबाई राहतात. दुकानांसाठी गुलाबाचे हार ओवतात. सुई चालते तशी त्यांची जीभ चालते.

सून त्या नोकरीत बदलली हो. पाठीला तेल लावून द्या म्हणायची ती म्हणेनाशी झाली. कडी लावून अंघोळ करायला लागली. आणि बसून चहा प्यायला लागली. हसाल तुम्ही, पण मी माझ्या उमेदीत बसून चहा प्यायल्याचं मला आठवत नाही. चूल फुंकता फुंकता, नाहीतर फडाच्या वाटेनं चालता चालता घोट घ्यायचा. एकदा मी तिला विचारलं, "लॉजवर दमत न्हाई का गं तू?"

"दमते की," ती म्हणाली. "पन आत्या, तिथं दमलं की घरी येता येतं. उसात दमलं तरी तिथंच ऱ्हावं लागतंय."

आता हे सगळं चाललं होतं कशाच्या जिवावर? मी नात सांभाळते, म्हणून ती सकाळी सातला बाहेर पडते. माझा तोल जातोय हे मी सांगितलं असतं तर तिनं दुसऱ्या दिवशी काम सोडलं असतं. आणि काम सोडलं की मुकादम होताच. दसरा जवळ आला होता, त्याचे फोन सुरू झाले होते. "येताय का? जोडी पायजे." मुलगा त्याला नाही म्हणत नव्हता. "बघू" म्हणायचा. त्याच्या त्या 'बघू'नं सुनेचा घास हातात थांबायचा, मी बघायचे.

म्हणून मी गप्प बसले. आणि भीत भीत दिवस काढायला लागले.

मान वर करायची नाही, हे मी शिकले. कपडे दोरीवर न टाकता गच्चीच्या कठड्यावर पसरायचे. उजव्या कुशीवर झोपायचं नाही. खालचं काही घ्यायचं तर वाकायचं नाही, बसून घ्यायचं. पोरीला कडेवर घेऊन उभं राहायचं नाही, हे मात्र कसं जमणार? ती हात वर करून उभी राहायची. मी खाटेवर बसून तिला मांडीवर घ्यायचे. तिला ते पटायचं नाही. नुकतंच पाऊल फुटलेलं पोर ते, दार दिसलं की पळायचं. मुलानं दाराची कडी काढून पार वरच्या टोकाला बसवली होती, तिचा हात पुरू नये म्हणून. मी ती कडी लावून आत बसायचे. आणि आत बसल्यावर दुसरी भीती. मी पडले आणि ती ओट्याकडं गेली तर? विळी आहे, गॅस आहे, उकळतं काहीतरी आहे.

उसाच्या फडात भीती नव्हती का? होती. साप होते, उसाची धारदार पानं होती, ट्रॅक्टर होता. आमच्या टोळीत एक पोर पाचटात झोपलं होतं आणि ट्रॅक्टर मागं आला. त्याच्यापुढचं मी सांगणार नाही. पण त्यानंतर टोळीतल्या सगळ्या बाया चालती पोरं बांधून ठेवायला लागल्या. जुन्या लुगड्याचा काठ फाडायचा, काठ मजबूत असतो. एक टोक बाभळीच्या खोडाला, एक पोराच्या कमरेला, आणि गाठ मागून मारायची. पुढून मारली तर पोर सोडवतं. मीही माझ्या मुलाला बांधलेलं आहे. त्यात कोणाला काही वाटत नव्हतं. मान वळवली की पोर दिसायचं, रडलं की चार बायांना ऐकू जायचं.

तर मी तेच केलं. पेटीतलं माझं जुनं लुगडं काढलं, काठ फाडला, एक टोक खाटेच्या पायाला, एक नातीच्या कमरेला. मागून गाठ. लांबी अशी ठेवली की ती खोलीत खेळेल पण ओट्यापर्यंत नाही पोचणार आणि दारापर्यंतही नाही. पहिल्या दिवशी तिनं ओढून बघितलं, मग वळून माझ्याकडं बघितलं आणि हसली. तिला खेळ वाटला. सून यायच्या आधी मी गाठ सोडायचे, काठाची गुंडाळी करून उशीखाली ठेवायचे.

चूक मला तेव्हा दिसली नाही. फडात आभाळाखाली बांधायचं आणि इथं आतून कडी लावलेल्या खोलीत बांधायचं, ह्यात फरक आहे, हे डोक्यातच आलं नाही.

तो गुरुवार होता. गुरुवारी शिर्डीत पाय ठेवायला जागा नसते. सून जाताना वेणी घालता घालता म्हणाली, "आत्या, आज उशीर हुईल. सुपरवायझर आधीच तापलाय. मागच्या गुरुवारी एक जन मधीच घरी गेली, तिला परत घेतलं न्हाई."

"तू जा गं निवांत," मी म्हणाले. मुलगा तर पहाटेच गाडी घेऊन गेलेला.

मी नातीला बांधलं, कडी लावली, गॅसवर दूध ठेवलं. साखरेचा डबा ओट्याखाली होता. बसून घ्यायचं एवढं मी शिकले होते, पण त्या वेळी विसरले आणि वाकले. डबा घेऊन मान वर केली, तर या वेळी भिंत नाही सरकली, फरशीच उठून उभी राहिली. डबा कुठं गेला कळलं नाही. मी पडले. उलटी झाली. डोळे उघडले की खोली चक्कीसारखी फिरायची, म्हणून घट्ट मिटून घेतले. मिटले तरी आत फिरतच होतं.

नात म्हणाली, "आदी?" तिला आजी म्हणता येत नाही.

मी "हां बाळा" म्हणाले असेन. नसेनही.

मग दूध उतू गेलं. चर्र झालं, जळक्या दुधाचा वास आला. जाळाचा एक आवाज असतो, घरात असतो तोपर्यंत तो आपण ऐकत नाही. तो बंद झाला तेव्हा मी ऐकला. आणि दुधाच्या वासामागून दुसरा वास आला.

त्या वासानं मी जेवढी भ्यायले तेवढी आयुष्यात भ्यायले नव्हते. मला उठता येत नव्हतं. कुणीकडंही हात टाकला तरी तिकडं उतारच वाटायचा, आपण घरंगळत चाललोय असंच. पोर बांधलेलं. तिला म्हणता येईना की बाहेर पळ. कुठं पळणार ती, गाठ मी मारलेली, मागून. ती माझ्याकडं यायला ओढ घेत असावी, कारण खाट कुरकुरत होती. आणि रडायला लागली होती.

सिलेंडर ओट्याखाली, हे मला माहीत होतं. मी पोटावर सरकत सरकत चाचपत गेले. आधी भिंत लागली, मग सिलेंडरचं गार लोखंड लागलं. वरचं बटण धरलं आणि फिरवलं. बंद केलं की जास्त उघडलं? रोज करते, पण त्या वेळी हाताला काही आठवेना. कान लावला तर कानातच सूं सूं चाललेलं. बंद झालं असेल असं धरून चालले. दुसरं काय करणार?

आता खिडकी. खिडकी खाटेच्या वर. खाट कुठं? डोळे मिटून मी रडण्याकडं सरकले आणि माझ्या हाताला लुगड्याचा काठ लागला. ताणलेला, तारेसारखा. सगळी खोली फिरत होती, तो तेवढा सरळ होता. मी तो धरला. विहिरीतून दोर ओढतात तशी हातावर हात टाकत मी त्याच्यामागं गेले. आधी नातीचा पाय लागला. तिनं माझी मान पकडली. तिला तशीच गळ्याशी घेऊन काठ धरून मागं मागं सरकले, खाटेचा पाय लागला. खाटेवर चढले कशी, ते मला सांगता येणार नाही. खिडकीचं दार ढकललं. गार वारा तोंडावर आला तेव्हा मला रडू आलं.

हाक मारायला गेले तर आवाज निघेना. उशाशी पाण्याचा पेला होता, तो घेऊन गजांवर वाजवायला लागले.

खालून मालकीणबाई ओरडल्या, "ओ मावशी! आरतीला येळ हाय अजून!"

मी वाजवतच राहिले.

"घंटा पुरे करा, हार ओवू द्या मला!"

मग नातीनं असा टाहो फोडला की त्या सुई टाकून जिना चढून आल्या. गच्चीवरून खिडकीशी आल्या, आत बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बया! पोरीला बांधून घातलंय! काय बाई हाय का कोन हाय ही!" मग त्यांना वास आला. मग मी दिसले, लुगड्यावर उलटी, डोळे मिटलेले. त्यांचा आवाज एकदम उतरला. "मावशी, दार उघडा. कडी काढा मावशी."

कडी पार वर. मला उभं राहता येत नव्हतं.

"फुटंल का दार?" त्यांनी ढकलून बघितलं. नाही हललं. गल्लीत कोणी नव्हतं, गुरुवारी सगळे धंद्यावर. त्यांनी एका हातानं गजांतून नातीचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं सुनेला फोन लावला. मी ऐकत होते. मला वाटलं, सांगू नका, तिला बोलावू नका, तिचं काम जाईल. तसं मी बोललेसुद्धा बहुतेक, कारण मालकीणबाई म्हणाल्या, "काम गेलं चुलीत! गप पडा तुमी."

लॉज मागच्या गल्लीतच. तरी सून येईपर्यंत किती वेळ गेला मला माहीत नाही. जिना धडधडला. मला वाटलं आता ती किंचाळेल. ती किंचाळली नाही. खिडकीतून एकदा पोरीला बघितलं असेल, मग दारापाशी जाऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, "आत्या. डोळं उघडू नका. मान वर करू नका. मी दारावर थाप मारते, थापंकडं या."

थप. थप. थप.

मी खाटेवरून उतरले. बसत, सरकत, थापेकडं गेले. दार हाताला लागलं.

"आता दाराला धरून उभं ऱ्हावा. कपाळ दाराला टेकवा. वर बघू नका, नुसता हात वर न्या. उजवा. आनखी. मी इथंच हाय."

माझं कपाळ दाराच्या ह्या बाजूला आणि तिची थाप त्या बाजूला, अगदी कपाळावर पडल्यासारखी. बोटं कडीला लागली. पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदा सरकली.

ती आत आली. एका हातात अजून लॉजवरचा रबरी हातमोजा तसाच. तिनं आधी गॅसचं बटण बघितलं, बंद होतं. मग पोरीपाशी बसली आणि तिच्या कमरेमागं हात घालून गाठ चाचपली. मालकीणबाई दारातून सांगत होत्या, "बघ, बघ तुझ्या सासूचं काम! कुत्र्याला पन कुनी असं..."

"मला बी माझ्या आयनं असंच बांधलेलं हाय," सून म्हणाली. "गाठ मागूनच असती."



मी म्हणाले, "पोरी, माझा तोल जातोय. लई दिवस झाले. तुला सांगितलं न्हाई."

ती गाठ सोडत होती. वर न बघता म्हणाली, "म्हाईत हाय मला."

"काय म्हाईत?"

"कपडं कठड्यावर वाळत्यात. दोरी मोकळी असती. तुमी भिंतीला हात लावून चालता. मला म्हाईत हुतं आत्या. म्हनलं, मी विचारलं तर तुमी व्हय म्हनाल. आन तुमी व्हय म्हनला तर मला घरी बसावं लागंल." गाठ सुटली. "म्हनून न्हाई विचारलं."

आम्ही दोघी एका खोलीत राहत होतो, एकाच गोष्टीला भीत होतो, आणि एकमेकींना चहा करून देत होतो. काय म्हणावं ह्याला?

तिचा फोन वाजायला लागला. सुपरवायझर. ती फोनकडं बघत राहिली. वाजून थांबला, परत वाजला. ती मला बघे, पोरीला बघे.

मालकीणबाईंनी आत येऊन नातीला कडेवर घेतलं. "उचल की! आन जा. मी बसते हितं. फक्त जाता जाता माझी फुलांची पाटी वर आनून दे, न्हाईतर माझा बी धंदा बुडंल."

सुनेनं फोन उचलला. "घरी गॅस सुटला हुता सर. न्हाई, सोडून न्हाई गेले. आलेच." पाटी वर आणून दिली, माझं तोंड पुसलं, लुगडं बदललं आणि गेली. जिन्यावर तिचा पाय घसरल्याचा आवाज आला. पण ती सावरली होती.

संध्याकाळी मुलगा आला. सगळं ऐकून खाटेवर बसला आणि जे बोलेल असं मला वाटत होतं तेच बोलला. "मग आता काय, सोडायचं तुजं काम. आयेला गावाकडं ठिवू. मुकादमाला व्हय म्हनून टाकतो."

सून भाकरी थापत होती. थापणं थांबलं नाही. "माजंच का? तुमी सोडा सकाळच्या फेऱ्या. दुपारनंतर गाडी चालवा."

"आन सकाळी काय करू? पोर खेळवू?"

"आत्या काय करत्यात सकाळी?"

तो माझ्याकडं बघायला लागला, जसं काय मी काही करत असेन हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. तो चिडला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. तो बराच वेळ दाराच्या कडीकडं बघत बसला. ती त्यानंच बसवलेली. मग उठून पाना शोधायला लागला. कडी त्यानं रात्रीच्या जेवणाआधी खाली आणली, माझ्या छातीएवढी. तेच त्याचं उत्तर होतं.

डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा बिघडलीय, अंगात रक्तही कमी आहे. गोळ्या दिल्या, मान कशी वळवायची ते शिकवलं. पोरीबरोबर एकटं काही दिवस राहू नका म्हणाले.

पहिल्या सकाळी मुलगा मोठ्या ऐटीत बसला. "एवढुसं पोर, त्यात काय?" दहा वाजेपर्यंत तो दोनदा जिन्यापर्यंत पळाला होता, एकदा पोरीच्या तोंडातून चिमटा काढला होता आणि घामाघूम झाला होता. दुपारी सून आली तेव्हा तो भिंतीला टेकून घोरत होता. माझ्या उशीखालचा काठ त्यानं कधी काढला कोण जाणे. एक टोक नातीच्या कमरेला, दुसरं त्याच्या स्वतःच्या. गाठ मागून. पोर त्याच्या पोटावर बसून त्याच्या मिशा ओढत होतं. सून दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसली. मला पहिल्यांदा थोडं बरं वाटलं. मुकादमाचा फोन आला तेव्हा तो 'बघू' म्हणाला नाही, "औंदा न्हाई" म्हणाला. पुढच्या वर्षीचं कोणी बोललं नाही.

सून अजून कामावर आहे. मी अजून मान हळू वळवते. डोळे उघडले की आधी एका जागी बघते, ती जागा हलते का ते. ती जागा म्हणजे दाराची कडी. आता ती खाली आहे, मला मान वर न करता काढता येते. नात रोज तिच्याखाली जाऊन टाचा उंचावते, बोटं लांब करते. अजून थोडं कमी पडतं. दार धरून मागं वळते आणि म्हणते, "आदी, बघ." मी बघते. बघतच असते.